चौदा नंबरचा शर्ट आणि शालनमावशी

तमाम क्रीडारसिक, इतिहासकार, तसंच ज्यांचे ब्लाउज गेल्या दिवाळीपासून मिळालेले नाहीत अशा सर्व भगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, अमेरिकेतल्या एका व्यावसायिक बेसबॉल संघाचा एक अख्खा मोसम इलिनॉयमधल्या शॉमबर्ग गावी, एका तळघरात, शिवणयंत्राच्या सुईखाली पार पडला. वर्तमानपत्रांनी याची दखल घेतली नाही. घ्यायची तर त्यांच्या बातमीदारांना मागच्या दाराने, पाइपाखालून डोकं वाकवून आत यावं लागलं असतं, आणि आल्यावर "जरा ते इस्त्रीच्या कापडाचं टोक धर" असं ऐकून घ्यावं लागलं असतं. मी मात्र तिथे होतो. कापडाचं टोकही धरलं होतं.

शालनमावशी आमच्या शेजारच्या टाउनहाऊसमध्ये राहत. मूळच्या इचलकरंजीच्या. यजमान इथल्या एका कारखान्यात साचे बनवायच्या कामावर फार वर्षांपूर्वी आले, त्यांच्याबरोबर मावशी आल्या आणि मावशींबरोबर त्यांचं पायमशीन आलं. यजमान गेल्यावर, लांब कॅरी नावाच्या गावी राहणारी त्यांची मुलगी दर रविवारी फोनवर "आई, इकडे ये ना आता" म्हणे, आणि मावशी दर रविवारी "हातातलं काम संपू दे" म्हणत. हातातलं काम संपणं ही या विश्वात न घडणारी गोष्ट आहे, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मावशींचं सगळं जग तळघरात. तीन मशिनं, एक लांब टेबल, आणि भिंतीवर ओळीने खिळ्यांना लटकवलेल्या कापडी पिशव्या. प्रत्येक पिशवीवर खडूने नाव. माझ्या बायकोची, मेघनाची, पिशवी डावीकडून चौथी. तिच्यात एक निळा ब्लाउज होता. असावा. आम्ही तो पूर्ण झालेला कधी पाहिला नाही.

"मावशी, लग्न परवा आहे हो," मेघना रडकुंडीला येऊन म्हणे.

"अगं झालाच आहे. हुक तेवढे राहिलेत. उद्या ये."

उद्या गेलं की बाही राहिलेली असे. परवा गेलं की हुक पुन्हा राहिलेले असत. आणि गंमत अशी की मावशी थापा मारत नसत. "उद्या" म्हणताना त्यांचा चेहरा इतका निर्मळ असे की, त्यांना स्वतःला ते मनापासून पटलेलं आहे हे दिसायचं. मी विमा कंपनीत आकडेमोडीचं काम करतो, कोण कधी काय करील याचे अंदाज बांधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. पण मावशींच्या ब्लाउजची तारीख मला एकदाही सांगता आली नाही.

आता संघाकडे वळू. संघाचं नाव प्रेरी चिकन्स. प्रेरी चिकन हा इकडचा गवताळ भागातला पक्षी आहे, तरी मावशींनी पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कोंबड्या? एवढ्या मोठ्या देशात दुसरं नाव शिल्लक नव्हतं?" हा काही टीव्हीवर दिसणाऱ्या बड्या संघांपैकी नव्हे. बड्या संघांनी ज्यांना घेतलं नाही, किंवा घेऊन सोडून दिलं, असे पंचवीसेक गडी मे ते सप्टेंबर आमच्यापासून चाळीस मिनिटांवरच्या एका छोट्या मैदानावर खेळतात आणि वरून कुणीतरी बघेल या आशेवर राहतात. करार असा की मॅनेजरच्या किंवा मालकाच्या मनात आलं तर कुणालाही कुठल्याही दिवशी नारळ. त्यामुळे मोसमभर माणसं येत-जात असतात. आणि मालकाची हौस अशी की प्रत्येक शर्टाच्या पाठीवर खेळाडूचं आडनाव हवंच. माणूस गेला की नाव उसवायचं, नवा आला की त्याचं शिवायचं.

हे काम मावशींकडे आलं त्याला कारण मी. इंडियन ग्रोसरीच्या फळ्यावर त्यांच्यासाठी चिठ्ठी मीच लिहून लावली होती: ब्लाउज, फॉल, पिको, झिप, सगळी दुरुस्ती, मागच्या दाराने यावे. मे महिन्यातल्या एका मंगळवारी मागच्या दाराने गॅरी आला. गॅरी म्हणजे संघाचे कपडे, बूट, टॉवेल आणि च्युइंगगम यांचा कारभारी. दार भरून उरेल असा माणूस. त्याच्यामागे आणखी उंच असा एक पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याचा शर्ट काखेत फाटला होता आणि खेळ संध्याकाळी होता.

मावशींनी शर्टाकडे पाहिलंच नाही. पाटावर चढल्या, टेप काढली आणि म्हणाल्या, "हॅन्ड अप."

साडेसहा फुटी पिचरने दोन्ही हात वर केले. ते छताला लागले.

"श्वास सोड. ब्रीद आऊट. अरे, पूर्ण सोड की, पोट कशाला आत घेतोस? मी काय तुला बघायला आलेय?" हे मराठीत. तरी त्याने सोडला. मग मावशींनी एका खांद्यापासून, मग दुसऱ्या खांद्यापासून मापं घेतली आणि माझ्याकडे वळल्या. "शिरीष, याला सांग. उजवा खांदा पाऊण इंच खाली आहे. आणि हा हातही लांब आहे. दोन्ही बाह्या सारख्या कापल्या तर काखेत फाटणारच. शर्टाची चूक नाही."

मी सांगितलं. पिचर थक्क झाला. म्हणाला, मी चार डॉक्टरांना खांदा दाखवलाय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"डॉक्टर टेप घेतात का?" मावशी म्हणाल्या.

त्या दिवशी तो चक्क वेळेत मैदानावर पोचला, कारण मावशींनी शर्ट त्याच्या अंगावरच शिवला. काढून ठेवला असता तर जुलै उजाडला असता. उजवी बाही वेगळ्या कापाची. त्याने त्या संध्याकाळी म्हणे फार छान चेंडू फेकले. बेसबॉलवाले आपल्या ग्रहांच्या अंगठ्यांना लाजवतील असे देवभोळे. पुढच्या आठवड्यात तळघराच्या दाराशी सात जण उभे. कुणाला खांदा मोजून हवा, कुणाला कंबर. स्वतः मॅनेजरही आला. त्याला सगळे नुसतं स्किप म्हणत. सत्तरीचा, लहानखुरा, तोंडात सतत सूर्यफुलाच्या बिया. बेसबॉलमध्ये मॅनेजरनेही खेळाडूंसारखाच पोशाख घालायचा असतो. मावशींना हे फार आवडलं. "आजोबा पण खेळतात होय?" असं विचारत त्यांनी स्किपची कंबर दीड इंच वाढवून दिली. दोन आठवड्यांनी दिली, पण दिली.

मावशींना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि शेवटपर्यंत कळलं नाही. कोण जिंकलं हेही त्या विचारत नसत. पण दुरुस्तीला आलेल्या कपड्यांवरून त्यांना जे कळायचं, ते मला लॅपटॉपवरून कळत नव्हतं. जूनमध्ये मी संघातल्या प्रत्येकाचे आकडे मांडून, पुढच्या पंधरवड्यात कोणाला नारळ मिळेल याचा एक तक्ता केला आणि ऐटीत मावशींना दाखवला. त्यांनी चष्मा न लावताच तो बाजूला सारला आणि पँटींच्या ढिगाकडे बोट केलं.

"हा डाव्या गुडघ्यावर घसरतो. बघ, कसं झिजलंय. हा उजव्या. हा पोटावर पडतो, याची बटणं दर आठवड्याला. आणि ही बघ, सत्तावीस नंबर. कडक इस्त्री. माती नाही, गवत नाही, काही नाही. हा नुसता बसतो. याला घालवतील."

"मावशी, त्याचे आकडे चांगले आहेत."

"आकडे असतील. पँट कोरी आहे."

सत्तावीस नंबर नऊ दिवसांत गेला. माझ्या तक्त्यात ज्याचा पहिला क्रमांक होता तो गडी सप्टेंबरपर्यंत खेळला. मी पुढच्या महिन्यात तक्ता केला नाही. गॅरी कपडे टाकायला आला की मी आपला सहज शेजारी डोकावून ढीग बघून यायचो.

नावं उसवली की मावशी अक्षरं टाकून देत नसत. जाड कापडाची, निळी, छान कातरलेली अक्षरं. "चांगला माल टाकायचा कशाला?" त्या ती धुऊन, दाबून एका डब्यात ठेवत आणि नव्या माणसाला जुन्यांच्या अक्षरांतून नाव मिळे. त्यातून मावशींचे खेळाडूंबद्दलचे आवडीनिवडीचे वेगळेच निकष तयार झाले. आडनावात झेड असलेला एक खेळाडू गेला तेव्हा त्या हळहळल्या नाहीत, उलट "झेड परत आला" म्हणाल्या. एसचा मात्र कायम तुटवडा. "या लोकांना एसशिवाय नाव ठेवता येत नाही का? आमच्याकडे पाटील, कदम, माने. काही त्रास आहे?"

"मावशी, शिंदे?"

"एकच लागतो."

या सगळ्यांत त्यांचा जीव जडला तो एकावरच. डेल हॉलनबेक, चौदा नंबर, कॅचर. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे मुखवटा घालून बसतो आणि चेंडू झेलतो तो. वय एकोणतीस. या छोट्या लीगांतून दहा वर्षं फिरत होता. आता त्याच्याकडे वरून कुणी बघणार नाही हे त्याच्यासकट सगळ्यांना माहीत होतं. पहिल्यांदा आला तो पँट घेऊन. दोन पायांच्या मधली शिवण दर चार दिवसांनी उसवत होती.

"हा नेमकं करतो काय?" मावशींनी मला विचारलं.

डेलने तिथेच बसून दाखवलं. उकिडवा, गुडघे फाकून, हात पुढे.

"असा किती वेळ?"

"एका खेळात दीडशे वेळा तरी बसतो-उठतो, मॅम."

मावशी त्याच्याभोवती फिरल्या. मग स्वतः पदर खोचून त्याच्यासमोर तशाच बसल्या आणि कुठे ताण येतो ते पाहिलं. साठी उलटलेली बाई आणि सव्वासहा फुटी गडी तळघरात समोरासमोर उकिडवे, हे दृश्य पाहायला मिळालेला मी एकटाच. "अरे, याला लेंगा पाहिजे!" त्या उठत म्हणाल्या. लेंग्याला दोन पायांच्या मधे चौकोनी तुकडा जोडतात, तसा तुकडा त्यांनी डेलच्या सगळ्या पँटींना जोडला. त्यानंतर शिवण एकदाही उसवली नाही. डेल म्हणाला, दहा वर्षांत माझ्यासाठी कुणी केलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. मावशींना त्यातलं निम्मं कळलं आणि त्यांनी त्याला चकल्या दिल्या. मग तो काम नसतानाही येऊ लागला. टेबलाच्या टोकाशी बसून चकल्या खायचा आणि घरचं सांगायचा. मावशी मराठीत विचारत, तो इंग्रजीत उत्तर देई. मी नसलो तरी त्यांचं छान चालत असे, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

ऑगस्टमध्ये एका सोमवारी तो पांढरा शर्ट घेऊन आला. घरच्या मैदानावर पांढरा घालतात, बाहेरगावी करडा. संघ त्या दुपारीच बसने बाहेरगावी निघणार होता, शनिवारी घरच्या मैदानावर खेळ होता.

"मॅम, हे नाव जरा वाकडं झालंय. हा एच बघा, पडतोय. नीट करून द्याल?" आणि मग जरा थांबून, "शनिवारी माझे वडील येतायत."

वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. उन्हाळा म्हणजे त्यांच्या धंद्याचे दिवस, आणि बेसबॉल उन्हाळ्यातच. दहा वर्षांत मुलाला व्यावसायिक खेळताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. या वेळी त्यांची खेप आमच्या बाजूने जाणार होती आणि त्यांनी शनिवारची दुपार मोकळी ठेवली होती.

"त्यांचंही नाव आहे ना हे," डेल पाठीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाला. "सरळ दिसलं तर बरं."

"उद्या देते," मावशी म्हणाल्या.

शर्ट अर्थातच बुधवारीही टेबलावरच होता. त्या दिवशी मी मेघनाच्या ब्लाउजची चौकशी करायला गेलो असताना गॅरी आला; तो संघाबरोबर बाहेरगावी जात नसे. नेहमी तो चकली घ्यायचा. आज घेतली नाही. त्याने खिशातून चिठ्ठी काढली. चौदा नंबरवरचं नाव काढायचं, हे नाव लावायचं. सॅसर्स. शुक्रवारपर्यंत. डेलला अजून माहीत नाही, मालकाने परस्पर ठरवलंय, तेव्हा कृपा करून कुणाला बोलू नका. एवढं बोलून तो पाइपावर डोकं आपटून निघून गेला.

मावशींना सगळं कळलं होतं, तरी त्यांनी मला विचारलं, "म्हणजे शनिवारी डेल खेळणार नाही?"

"नाही. नवा माणूस अंगात शर्ट घालतो तेव्हा जुन्याच्या कागदावर सही होते. नवा शुक्रवारी येतोय."

"आणि बाप ट्रक घेऊन निघालाय."

"हो."

"पँट कसली मळलेली असते रे त्याची," त्या म्हणाल्या. "अशा माणसाला घालवतात?"

"फोन करून सांगू का मी त्याला?"

"मुळीच नाही. सांगू नका म्हणालाय ना तो? गिऱ्हाइकाचं माप आणि गिऱ्हाइकाची गोष्ट मी कधी बाहेर काढलेली नाही. इतक्या वर्षांत तुझ्या बायकोची कंबर तुला तरी सांगितली का?"

त्यांनी उसवायचं हत्यार उचललं. एचच्या पहिल्या टाक्याशी नेलं. मग खाली ठेवलं आणि अक्षरांचा डबा माझ्यापुढे सरकवला. "सॅसर्समध्ये एस किती?"

"चार."

"डब्यात बघ."

दोन निघाले. मावशींचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता पेढे वाटतात.

गुरुवारी गॅरीचा फोन आला. "नो एस," मावशी म्हणाल्या, आणि हे शंभर टक्के खरं होतं. तासाभरात गॅरी मूठभर एस आणून देऊन गेला. शुक्रवारी सकाळी मावशींनी मला हाक मारली, मशीनचा चामडी पट्टा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा तुझ्या घरी ने. सोमवारी परत आण."

"का?"

"मशीनला पट्टा नाही असं सांगायचंय. खोटं कशाला बोलू?"

दुपारी गॅरी आला. मावशींनी उघडं पडलेलं चाक फिरवून दाखवलं. त्याने बाकीच्या दोन मशिनांकडे बोट केलं. "दॅट पिको," मावशी म्हणाल्या. "दॅट ओन्ली ब्लाउज." मग त्याने विचारलं की निदान जादाचे पांढरे शर्ट तरी द्या, नव्या माणसाला दुसरा नंबर देऊ. पण जादाचे सगळे शर्ट मैदानाच्या वाढदिवसाचा बिल्ला बाहीवर लावायला जुलैपासून मावशींकडेच होते, आणि त्या घटकेला त्यातल्या एकालाही बाही नव्हती. बाह्या एका पिशवीत होत्या. पिशवीवर खडूने लिहिलं होतं: कोंबड्या.

"टुमारो," मावशी म्हणाल्या.

शनिवारी खेळ दुपारी एकचा. सकाळी उठून मावशींनी हॉलनबेक हे नाव उसवलं आणि हाताने, एकेक टाका घालून, तेच पुन्हा बसवलं. पट्टी ठेवून, खडूची रेघ मारून. एच असा ताठ की त्याच्यापुढे शाळेतला पहिला मुलगा वाकडा वाटावा. मग सुती साडी, पायात स्नीकर्स, गळ्यात टेप तशीच, आणि मांडीवर शर्ट घेऊन त्या माझ्या गाडीत बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर निघाल्या होत्या. निम्म्या रस्त्यात म्हणाल्या, "गिऱ्हाइकाशी लबाडी केली मी. त्या आजोबांना जाऊन सांगून टाकते."

"खेळ झाल्यावर सांगा," मी म्हटलं.

खेळाडूंच्या दाराशी स्किप उभा होता, गॅरी होता, मालकाचा माणूस फोन हातात धरून होता, आणि साध्या टीशर्टमध्ये अवघडून उभा असलेला एक धिप्पाड गडी होता. हाच सॅसर्स. डेल जरा बाजूला. त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, त्याला कळलंय. अशा ठिकाणी दहा वर्षं काढलेल्या माणसाला कळतं. मावशी सगळ्यांना ओलांडून त्याच्यापाशी गेल्या आणि शर्ट दिला.

स्किपने पाठीवरचं नाव वाचलं. एक बी थुंकला. "आणि दुसरा?"

"टुमारो."

स्किप मालकाच्या माणसाकडे वळला. "ऐकलंत ना? उद्या मिळेल. हॉलनबेक, तयार हो."

आम्ही कॅचरच्या अगदी मागच्या जाळीपाशी बसलो. दोन खुर्च्या सोडून टोपीवाला एक जाडजूड माणूस होता. ते डेलचे वडील आहेत हे विचारावं लागलं नाही. सगळे बसले तरी ते उभे होते आणि मागच्या माणसाने दोनदा "खाली बसा" म्हटलं तरी त्यांना ऐकू गेलं नाही. कॅचर प्रेक्षकांकडे पाठ करून बसतो. म्हणजे खेळभर, प्रत्येक चेंडूला, ते नाव त्या माणसासमोर होतं.

डेल काही चमकला नाही. दोनदा बाद झाला, एक चेंडू हातातून सुटला. सातव्या डावात समोरच्या संघाचा एक गडी जीव खाऊन घराकडे, म्हणजे डेलच्या पुढ्यातल्या पांढऱ्या पाटाकडे, धावत आला, डेल आडवा पडला, दोघे एकमेकांवर कोसळले आणि इतकी धूळ उडाली की पंचाने काय दिलं ते मला दिसलंच नाही. डेल उठला तेव्हा डाव्या खांद्यापासून बुटापर्यंत लाल मातीने माखला होता. वडिलांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"अक्षरं सरळ आहेत ना रे?" मावशींनी मला विचारलं. अडीच तासांत त्या एवढंच बोलल्या.

चिकन्स हरले.

दुसऱ्याच दिवशी, पट्टा मेघनाकडे सोपवून, मी ऑफिसच्या कामासाठी दोन महिने पुण्याला गेलो. परत आलो तोवर मुलगी येऊन मावशींना कॅरीला घेऊन गेली होती, मशिनांसकट आणि पिशव्यांसकट. निळा ब्लाउजही गेला. फोनवर मावशी अधूनमधून भेटतात. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिलेलं त्यांचं रूप त्या शनिवारच्या पार्किंग लॉटमधलं आहे.

डेलच्या वडिलांचा ट्रक बारा गाड्यांची जागा अडवून उभा होता. डेल बॅग घेऊन आला. स्किपने आत त्याला नारळाचं सांगितलं होतं. तो वडिलांना एवढंच म्हणाला, "माझी बॅग मावेल का वर?" वडिलांनी काही न विचारता बॅग घेतली. संघाचा शर्ट परत करायचा होता म्हणून तो डेलच्या हातात होता. मावशींनी तो घेतला, ट्रकच्या पायरीवर बसल्या, पिशवीतून उसवायचं हत्यार काढलं आणि सकाळी घातलेले टाके एकेक करून काढले. कुणी घाई केली नाही. दहा अक्षरं त्यांनी रुमालात बांधली आणि डेलच्या नव्हे, त्याच्या वडिलांच्या हातात दिली.

तेवढ्यात शर्ट न्यायला गॅरी आणि स्किप आले. मावशी उठल्या. पदर सारखा केला. "शिरीष, सांग त्यांना. एस गुरुवारीच आले होते. पट्टा तुझ्या घरी आहे. मी मुद्दाम केलं. माझी चूक झाली म्हणून सांग."

मी प्रत्येक शब्द सांगितला. स्किपने बिया चघळायच्या थांबवल्या. कोरा शर्ट हातात घेतला आणि म्हणाला, "मॅडम, गॅरी हा शर्ट गावातल्या दुकानात न्यायला निघाला होता. ते तासाभरात करून देतात. मीच म्हटलं, अजिबात नेऊ नको, बाईंकडेच राहू दे. मालकाला नाही म्हणायची माझी ताकद नव्हती. पण मे महिन्यापासून, अंगावर शिवलेला तो पहिला शर्ट सोडला तर, तुमच्याकडून एकही कपडा सांगितलेल्या दिवशी आलेला नाही. शनिवार तुम्ही नक्की निभावून न्याल, याची मला खात्री होती."

गॅरी जमिनीकडे पाहत होता. डेल हसायला लागला, मग त्याचे वडील. मावशी मात्र हसत नव्हत्या. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "काय म्हणाला तो?" त्यांनी मला विचारलं, आणि मी जिवावर उदार होऊन सगळं मराठीत सांगितलं.

मावशींनी स्किपकडे पाहिलं, गॅरीकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं, आणि अख्ख्या पार्किंग लॉटला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "उशीर? मी? मी कधी कुणाला उशीर केलाय?"